त्या रकान्यात कुठली तारीख टाकू?

पोलीस सेवेतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोपरच्या त्या बेपत्ता मुलाचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं. खरं सांगायचं तर ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

मुलाचे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचं टाइम-ऑफिस सांभाळायचे. कामगारांची हजेरी, ओव्हरटाइम, नोकरीची वर्षं, सगळा हिशेब एक्सेलमध्ये. मुलाच्या नोकरीवरून घरात कटकट झाली, तो निघून गेला आणि त्याचा फोन बंद झाला. आम्ही मिसिंगची तक्रार दाखल केली. त्यानंतर हे गृहस्थ दर महिन्याला पोलीस ठाण्यात यायचे, ते एका शीटची प्रिंट घेऊन. एका रकान्यात मुलाची जन्मतारीख, दुसऱ्यात आजची तारीख, शीट उघडताच आपोआप बदलणारी, आणि तिसऱ्यात फॉर्म्युल्याने निघालेलं वय. आमच्या शोधपत्रिकेवर वय एकोणीसच छापलेलं होतं. "साहेब, तो आता वीसचा झाला, तेवढं दुरुस्त करा," एवढंच त्यांचं मागणं. ठाणे अंमलदार आधी हसायचा. मग त्याचंही हसणं बंद झालं.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा खबऱ्याने सांगितलं की बाळकुमला राहणारा मुलाचा एक मित्र दारू प्यायला की त्याचं नाव घेऊन रडतो. त्याला चौकशीला बोलावलं. "घर सोडलं त्या रविवारी दुपारी साडेबाराला मी त्याला रेल्वे स्टेशनवर सोडलं, मग भेट नाही," असं त्याने घडाघडा सांगितलं. इतक्या काळाने एवढी नेमकी वेळ माणसाला आठवत नाही. ती पाठ केलेली असते. मी तेच तेच उलटसुलट विचारत राहिलो. शेवटी त्याचा धीर सुटला.

"राहिलेला तो माझ्याकडे, साहेब. खाडीवर बसलेलो, भांडण झालं. ढकललं मी. कुठला दिवस ते नाय आठवत."

हे मात्र खरं होतं. खाडीत सापडलेल्या एका अनोळखी मृतदेहावर शेजारच्या पोलीस ठाण्याने केव्हाच बेवारस म्हणून अंत्यसंस्कार उरकले होते. राखून ठेवलेला डीएनए नमुना वडिलांच्या रक्ताशी जुळला. ज्या शोधपत्रिकेवरचं वय दुरुस्त करायला हा माणूस खेपा घालत होता, ती त्या मृतदेहाशेजारी धरून कुणी पाहिलीच नव्हती. याची मला आजही चीड येते.

मी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. ते रडले नाहीत. पुढे दोषारोपपत्राची प्रत हाती आली तेव्हा त्यांनी मृत्यूचा दिवस कुठे लिहिलाय ते शोधलं. शवविच्छेदनात तो नक्की निघाला नव्हता, आरोपीला आठवत नव्हता. म्हणून आम्ही दोन तारखांच्या 'दरम्यान' असं लिहिलं होतं. कोर्टाला तेवढं पुरतं.

"आजची तारीख काढून तिथे ही टाकायची होती, साहेब," ते म्हणाले. "पण 'दरम्यान' लिहिलं की फॉर्म्युला चालत नाही. एकच तारीख लागते. कुठली टाकू?"

गुन्हा उघडकीस आला, वरिष्ठांनी शाबासकी दिली. तपास पूर्ण झाला की घरच्यांना उत्तर मिळतं, असं मी तोवर समजत होतो. तसं काही नसतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आता कुणाकडूनच मिळणार नाही. त्यांनी आजच्या तारखेचा तो रकाना होता तसाच ठेवला आहे. त्यांचा मुलगा रोज एका दिवसाने मोठा होतो.