दादाशिवाय कोकणात

आज देवासला आमच्या मोटरसायकलवाल्या मंडळींची बैठक झाली. डिसेंबरात कोकणच्या सागरी महामार्गाने जायचा बेत माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा होता. दिवाळीआधी दादा वारला.

सगळे नकाशावर मुक्काम ठरवत होते.

दादाचा मित्र सुनील मला भाऊ करत, आमच्या माळव्याच्या हिंदी-मराठीत म्हणाला, "भिया, तू तो चलेगा ना? मेरे पीछे बैठ जा. पण झोपू नको हं, दादा सांगायचा तू मागे झोपतोस."

सगळे हसले. मीही हसलो.

मला गाडी चालवता येत नाही. धारहून येताना थंडीत मी दादाच्या जॅकेटच्या खिशात हात घालून बसायचो, म्हणून झोप लागायची.

"बघतो," म्हणून घरी आलो. समुद्र बघायची इच्छाच उरलेली नाही.

तुमच्यापैकी कोणी असं, ज्याच्यासोबत जायचं होतं त्याच्याशिवाय गेलंय का?