कलती खुर्ची

"हिला सरळ बसवा. फोटोत गाठोडं दिसतंय."

बाई, म्हणजे कारखान्याच्या साहेबांची बायको, हे माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या मागे उभ्या असलेल्या शिपायाशी बोलल्या. दसऱ्याचा दिवस होता, ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना. यंत्रांना झेंडूचे हार घातलेले, आणि एक हार नव्याकोऱ्या चाकांच्या खुर्चीला. खुर्चीत मी. त्याच कारखान्याच्या माळ्यावरून पोत्यासकट खाली आलेली, कमरेखाली लुळी.

शिपायाने काखेत हात घालून मला वर ओढलं. मी घसरले. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरले. पोटापाठीत जोर नाही आणि खुर्ची भिंतीसारखी ताठ. चौथ्या वेळी पदर खांद्यावरून गेला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "या लोकांना बसायला दिलं तरी बसता येत नाही."

आणि मी काय बोलले? "चुकलं, बाय." हात जोडले. फोटोत मी हसतेय, सगळे दात दाखवून. तो फोटो बघितला की वाटतं, त्या पोरीच्या एक थोबाडीत द्यावी. अर्धं अंग मेलेलं, आणि उरलेल्या अर्ध्याने आभार मानतेय!

खुर्ची शेजारच्या किनाऱ्यावर, नवापूरला घरी आली. बघायला अख्खी आळी. मी घसरू नये म्हणून नवऱ्याने मला जाळ्याच्या दोरीने बांधलं, छातीपाशी एक वेढा, कमरेला एक. त्याच्या गाठी दर्यात सुटत नाहीत, माझ्या अंगावर काय सुटणार? "आता नाय पडत," म्हणाला आणि होडीवर गेला. मला तर अभिमान वाटला. नवऱ्याने किती मायेने बांधलंय! सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तशीच. घास घशात अडकायचा. श्वास निम्मा यायचा, निम्मा यायचाच नाही.

जखम मला कळली नाही. कळणार कशी? तिथे काही कळतच नव्हतं. सासूला कळली. वासाने.

"काय गो, बोंबील सडला का कुठं?" ती घरभर हुंगत फिरली. मग माझ्यापाशी थांबली. मला कुशीवर वळवून लुगडं वर केलं. 

पालघरच्या डॉक्टरने बोट जाईल एवढा खड्डा दाखवला, माकडहाडावर. दिवसभर सगळं वजन त्या एका हाडावर पडतंय, म्हणाला. अर्ध्या-अर्ध्या तासाने ते हलवा. नाहीतर हे हाडात जाईल, आणि मग माझ्या हातात काही नाही.

हलवा! कोण हलवणार? नवरा चार-चार दिवस दर्यात. सासू चिपाडासारखी. मला उचलताना तिच्याच कमरेत उसण भरायची. पालथी झोपून झोपून महिना गेला. ताप चढायचा, उतरायचा. तोंड चटईत. एक दिवस म्हटलं, "आय, मला ओहोटीला वाळूत नेऊन ठेव. भरती आली का नेईल मला."

ती मासळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नेते. आधी ही करंदी सोल. हात चालतात ना तुजे?"

मी पालथ्यापालथी ती बारीक कोलंबी सोलली. रडत. सासू माझी अशी.

पण तिने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकडे बघत बसली. ओहोटीला होड्या वाळूवर कलत्या होतात, टेकू लावून उभ्या असतात. एक कूस वाळली की दुसरी. सासू म्हणाली, "लाकडालापण आमी एकाच कुशीवर ठेवत नाय, सडतं. तुला ठेवली."

तिने शेजारणींना हाताशी घेऊन मला खुर्चीत घातलं, दोऱ्या काढल्या, खुर्चीची पाठ भिंतीला लावली आणि पुढच्या चाकांखाली होडीचे टेकू सारले. अख्खी खुर्ची मागे कलली. मी ओरडले, पडते म्हणून. पडले नाही. घसरलेही नाही. वजन हाडावरून पाठीवर गेलं. छाती मोकळी झाली. कित्येक महिन्यांनी पोट भरून श्वास घेतला. नुसता श्वास. त्याचं एवढं रडू येतं हे मला माहीत नव्हतं.

टेकू सरकायचे म्हणून नवऱ्याने खुर्चीसकट मला जवळच्या सालवडच्या वेल्डरकडे नेलं. त्याने आधी नुसती पाठ मागे पाडून दिली. मी तिच्यावरून परातीतल्या माशासारखी सुळकन खाली. वेल्डर डोकं खाजवत म्हणाला, "भाभी, पीठ अकेली नहीं चलेगी. सीट भी साथ में झुकानी पड़ेगी." सीट आणि पाठ एकत्र कलणार, मांडी आणि पाठीमधला कोन तोच राहणार. मागची चाकं त्याने आणखी मागे घेतली, खुर्ची उलटू नये म्हणून. बाजूला एक दांडा. दांडा ओढून सासू एका हाताने मला कलती करायची. उचलायचं काम संपलं.

जखम भरू लागली. आणि मी, शहाणी, ती पुन्हा फोडली.

त्याचं असं की खुर्ची कलली की पाय वर येतात. समोर बसलेल्याच्या तोंडासमोर. आमच्याकडे सुनेने वडीलधाऱ्यांकडे पाय करायचे नसतात. चुलतसासरे रोज सकाळी ओट्यावर यायचे, चहा, विडी, तासभर गप्पा. ते आले की मी सासूला खूण करायची, सरळ कर. ते गेले की आणखी कुणी. पूजेला भटजी. बघायला पाहुणे. मी ताठ, डोक्यावर पदर. खाली कापड रक्ताने भिजतंय आणि वर मी चुलतसासऱ्यांना विचारतेय, "मामा, साखर बरोबर हाय ना?"

डॉक्टरने पुन्हा बघितलं. "कुणासाठी बसत होता सरळ?"  हाड दिसत होतं.

त्याच आठवड्यात साहेबांच्या बाई आल्या, कारखान्याचा एक अधिकारी घेऊन. कारखान्याला पुन्हा फोटो हवा होता. चुलतसासरे ओट्यावरच होते. मी कलती होते.

अधिकाऱ्याने वेल्डिंगचे सांधे बघितले. "ही कंपनीची वस्तू. कापून टाकली तुम्ही? आम्ही परत नेणार, दुसऱ्या गरजूला देऊ."

बाईंची नजर माझ्या तळव्यांवर. "आधी पाय खाली घे. माणसं समोर उभी आहेत."

सासूचा हात दांड्याकडे गेला. सवयीने. मी तो धरला.

"नाय घेत."

"काय?"

"पाय खाली घेतले का हाड उघडं पडतं, बाय. माजं. तुमचं नाय. आनि खुर्ची न्यायची तर माज्यासकट उचला. माळ्यावरून पाडलीच हाय एकदा, आता दारातून पाडा."

उगाच शूर होते म्हणणार नाही. पण पाय वरच होते.

बाई अधिकाऱ्याला घेऊन, फोटो न काढताच गेल्या. खुर्ची राहिली. चुलतसासरे उठले, विडी विझवली, माझ्या तळव्यांकडे एकदा बघितलं आणि गेले. पुन्हा कधी आमच्या ओट्यावर चढले नाहीत. मरेपर्यंत. ती जखम भरायला दोन वर्षं गेली, आणि आजही ऊन-थंडी बदलली की तिथली कातडी फाटते.

आता मी म्हातारी झाले, जीभ सैल झालीय. आमच्या किनाऱ्यावर कुणी हार घातलेली ताठ खुर्ची वाटायला आलं की मी पुढे होते. म्हणते, साहेब, आधी तुम्ही बसा. सूर्य डोक्यावर येईपर्यंत. हलायचं नाही, खाजवायचं नाही, आम्ही दोरीने बांधतो. साहेब हसतात. मी हसत नाही. बसणार नसाल तर खुर्ची टेम्पोत चढवा. अंग सडवणारी वस्तू या गावात कुणी हात जोडून घेणार नाही. मी घेऊ देणार नाही.