पितांबरनानांचे दोन ठसे

भडगावात कुणाच्याही स्वयंपाकघरात जा, पातेल्यावरचं नाव पितांबरनानांनीच कोरलेलं. चाळीस वर्षं त्या माणसाच्या हातात छिन्नी आणि हातोडा. बाजारपेठेच्या पंचाहत्तरीचं चांदीचं नाणं पाडायचं ठरलं, तेव्हा ठसा कोरायचं कामही त्यांच्याकडेच आलं. नाण्यावर केळीचा घड असावा की कापसाचं बोंड, हे गाव मतदानानं ठरवणार होतं. निकाल लागताच पहिलं नाणं पाडून दाखवायचं होतं, म्हणून नानांनी आधीच दोन्ही ठसे कोरून ठेवले.

मतदान चालू असताना कापसाचा व्यापारी हितेंद्र नानांच्या दुकानात डोकावला. टेबलावर त्याला केळीचा ठसा दिसला; बोंडाचा टेबलाच्या खणात होता. "निकाल आधीच ठरवलाय यांनी!" तो ओरडला आणि वीस-पंचवीस जण आत घुसले. नाना सांगत होते, पण ऐकतो कोण? दोघांनी त्यांचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला. हितेंद्रनं त्यांचाच हातोडा उचलला आणि बोटांवर घातला. एकदा नाही, चार वेळा. आम्ही शंभर भेकड रस्त्यावर उभे राहून बघत होतो. जाताना तो हातोडाही नाचवत घेऊन गेला.

संध्याकाळी मतमोजणी झाली. बोंड जिंकलं.

दुसऱ्या दिवशी हितेंद्र पेढे घेऊन दवाखान्यात आला. खाली मान घालून म्हणाला, "नाना, आते नाणं कोन पाडी?"

नानांनी पट्ट्यांत गुंडाळलेला हात चादरीवर ठेवला.

"बोंडना ठसा खणमा शे. हातोडा ते तुनाकडेच शे."