भाजीचे पाणी

माझ्या मुलीच्या रक्तातले पोटॅशियम पुन्हा वाढलेले निघाले, त्या दिवशी अकोल्याहून परतताना मी बसमध्ये देवीशी एक शब्दही बोलले नाही. एरवी प्रवासभर माझे मनातल्या मनात नामस्मरण चालू असते. मी रागावले होते असे नाही. पण सगळे सांगितल्याप्रमाणे करूनही हे होत असेल, तर तिच्याकडे काय मागायचे तेच मला कळेनासे झाले होते. स्वरा माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती. दुसरीत आहे, पण अंगाने बालवाडीतली वाटते. तिची मूत्रपिंडे जन्मापासून कमजोर आहेत. औषध आणि आहार नीट सांभाळला तर अशीच बरीच वर्षे निघतील, असे डॉक्टर सांगत आले होते. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "हे असंच चढत राहिलं तर हृदयाला धोका आहे. पुढच्या तपासणीतही कमी झालं नाही, तर डायलिसिसचा विचार करावा लागेल."

आमचे गाव किन्हीराजाच्या अलीकडे. माहेरी आणि सासरी मिळून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे स्वराचा आजार कळला तेव्हा भीतीइतकेच मला कुतूहलही वाटले होते, हे सांगायला आज संकोच वाटत नाही. मूत्रपिंड रक्तातून काय गाळते, काय ठेवते, आपण खाल्लेला घास शेवटी कुठे जातो, हे सगळे मी अकोल्याच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना खोदून खोदून विचारत असे. आजार म्हणजे पथ्य आणि पथ्य म्हणजे तोंड बंद, अशी माझी समजूत होती. बाई म्हणाल्या, "हिला उपाशी ठेवायचं नाही. हिला वाढायचंय." भात, साबुदाणा, तूप, साखर यांतून ताकद द्यायची. वरण आणि अंडे बंद करायचे नाही, कारण शरीर त्यातूनच बनते; फक्त त्यांनी ठरवून दिले तेवढेच द्यायचे. मीठ अगदी कमी. केळी, नारळपाणी नको. आणि भाजी सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी टाकून द्यायचे. त्या पाण्यातच पोटॅशियम उतरते. "हे तुमच्या मुलीपुरतं आहे बरं का, दुसऱ्या लेकराचं वेगळं असू शकतं," हेही त्यांनी बजावले होते. उपवासाचा साबुदाणा माझ्या लेकीसाठी रोजचे अन्न होणार, याचे मला मोठे नवल वाटले होते.

स्वराला आपण वेगळे आहोत असे वाटू नये, म्हणून मी घरातल्या सगळ्यांचीच भाजी उकळायला लागले. मी तालुक्याच्या गावी, मालेगावला, शाळेत शिकवते. सकाळी भाजी गॅसवर चढवून मी बस गाठायची. ती निथळून फोडणी द्यायची आणि भाकरी टाकायच्या, हे सासूबाईंचे काम. रविवारी मात्र सगळे मीच करी.

मग हे पोटॅशियम येत होते कुठून? मी शोध सुरू केला. मिठाची पिशवी तपासली, कारण कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते असे बाईंनी सांगितले होते. आमचे मीठ साधेच होते. स्वराच्या शाळेत जाऊन विचारले; तिथे ती घरचाच डबा खात होती. देवळातल्या महाराजांनी तर तिच्यासाठी खडीसाखरेचा प्रसाद वेगळा ठेवला होता. शेजारच्या काकूंना विचारले तेव्हा त्या फणकारल्या, "मी काय तुया पोरीले चोरून केळं देतो काय वं? इचार तिलेच!" सगळीकडून मी रिकाम्या हातानेच परत आले.

त्यानंतरच्या मंगळवारी मी टेकडीवरच्या देवीला गेले. ओटी भरली, हात जोडले, पण नेहमीसारखे "माझ्या लेकीला बरं कर" असे तोंडातून निघेना. मग एवढेच म्हणाले, "आई, बरं करायचं की नाही ते तुझं तू बघ. पण मला कळत नाहीये गं. कुठून येतंय, तेवढं दाखव." असे म्हटल्यावर मनातला एक ताण सैल झाला. डोळे पुसत खाली उतरले.

पायथ्याच्या नळावर एक म्हातारी दोन बकऱ्यांना पाणी पाजत होती. आमच्या गावची नव्हती. माझे डोळे बघून तिने सरळ विचारले, "काहून रडून राह्यली वं माय?"

अनोळखी माणसाशी बोलणे कधीकधी सोपे जाते. मी तिला आजार सांगितला, पथ्य सांगितले, भाजी उकळून पाणी टाकतो तेही सांगितले. बाकीचे तिने नुसते ऐकले. पाण्याचे ऐकताच मात्र तिचे डोळे चमकले.

"रोज टाकता? येवढं भाजीचं पानी?"

"हो, रोज."

"मंग मले देत जा ना. माया बकऱ्या पेतीन." आणि लगेच शंका आल्यासारखी म्हणाली, "तूच टाकतं काय ते आपल्या हातानं?"

"नाही, सासूबाई टाकतात."

म्हातारी दात नसलेल्या तोंडाने हसली. "तुई सासू मायासारखी म्हातारीच असन ना? मंग तिनं टाकलं अन् तू पाह्यलं! आमच्या हातून उकडीचं पानी नाई फेकल्या जात बाई. देवाघरी जाब द्या लागते." एवढे बोलून तिने बकऱ्या हाकल्या आणि पांदणीच्या वाटेला लागली.

मला तेव्हा काही उमगले नाही. बकऱ्यांसाठी पाणी मागणाऱ्या बाईचे बोलणे म्हणून मी ते सोडून दिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर बस समोर येऊन थांबली, मी दांडीला हात घातला, आणि एकदम तिचा प्रश्न आठवला. मी टाकते का ते माझ्या हाताने? कंडक्टर ओरडला, "मॅडम, येता का राहता?" मी म्हणाले, "राहते," आणि घराकडे पळत सुटले.

स्वयंपाकघरात सासूबाई परातीपाशी बसल्या होत्या. ज्वारीचे पीठ मळायला गरम पाणी लागतेच; ते त्या पातेल्यातून ओतत होत्या, आणि पाणी हिरवट होते. शेजारी चाळणीत मेथी निथळत होती, तव्यावर त्याच पिठाची पहिली भाकर होती. सगळ्यांच्या भाजीचे ते पाणी एका लहानशा गोळ्यात जिरत होते. बाकीच्यांचे पीठ अजून कोरडेच होते.

"आई, ही भाकर कोणाची?"

"कोनाची म्हंजे? माया चिमनीची." त्या अभिमानाने म्हणाल्या, "उरलं त तिच्या कढीत घालतो. साऱ्या भाजीचं सत्व पान्यात जाते, अन् तू त पोरीले निरा चोथा खाऊ घालून राह्यली. शिकली, पन येवढं नाई समजलं तुले. म्या एक घोट वाया जाऊ देला नाई."

मला रागावता आलेच नाही. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि आहारतज्ज्ञ बाईंनी मला सांगितले होते तसे सांगितले. त्या पाण्यात सत्व आहे हे खरेच आहे, पण स्वराचे मूत्रपिंड त्यातले जास्तीचे बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात साचते आणि हृदयावर जाते. सासूबाईंचा पिठाचा हात परातीतच थांबला.

"म्हंजे म्याच... आपल्या हातानं?"

मी काही बोलणार तोच स्वरा दारातून ओरडली, "आजी, तव्यावरची भाकर जळून राह्यली नं!"

त्या उठल्या, ती भाकर उतरवली. मग मळलेला गोळा उचलून त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटले आता रडतील. त्या म्हणाल्या, "पन मोरीत नाई ओतनार मी. मोरीत ओतलं त माया जीव नाई मानत." पाणी निवल्यावर त्यांनी ते पातेले अंगणात नेले आणि पारिजातकाच्या बुडाशी हळूहळू ओतले. पदर सावरून देवीच्या टेकडीकडे हात जोडले. "घे व माय, हे तुले देलं. आता माया पोरीले सोड."

पुढच्या तपासणीत पोटॅशियम उतरले होते. मी सगळी हकिकत सांगितली तेव्हा डॉक्टर हसले, आणि त्या आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र चष्मा काढून डोळे पुसले. स्वरा बरी झाली असे मी लिहिणार नाही, कारण ती झालेली नाही. आजार आहे तिथेच आहे. पण डायलिसिसचा विषय तूर्त मागे पडला, आणि या वर्षी तिच्या फ्रॉकची शिवण पहिल्यांदाच उसवावी लागली.

त्या म्हातारीसाठी मी पुढे कितीतरी मंगळवार बाटलीत थोडे भाजीचे पाणी भरून नेले. ती दिसली नाही. नळावरच्या बायका म्हणाल्या, धनजकडची असेल, चराईला आली असेल. असेलही. ती कोण होती याचे मला अजून कुतूहल आहे, आणि ते मिटावे असे वाटत नाही. तिने मला काही शिकवले नाही, तिला तर फक्त तिच्या बकऱ्यांची तहान दिसत होती. पण जिथे बघायचे मला सुचले नव्हते, तिकडे माझे तोंड तिने वळवले. एवढ्यासाठी मी देवीची जन्मभर ऋणी राहीन.

शरण जाणे म्हणजे काय, हे मी पुष्कळ ऐकले-वाचले होते. ते पाहिले मात्र सासूबाईंकडे. ज्या माउलीला आपल्या लेकराला जास्तीत जास्त द्यायचे होते, ती आता रोज सकाळी तेच घेऊन अंगणात जाते, आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत पातेले उपडे धरून उभी राहते.