मिठागराच्या पाटावर आज आपण काय केलं

मंडळातल्या सगळ्यांनो, सकाळच्या श्रमदानाला कॅमेरा मिळाला नाही म्हणून आपण हळहळत होतो ना? बरं झालं मिळाला नाही.

मुलुंडच्या बंद मिठागराचा पाट ‘घाण झालाय’ असं मंडळाच्या या फलकावर मीच लिहिलं होतं. खाडीचं पाणी आत आणणारा तो पाट आता दोन्ही काठांनी तिवरांच्या खारफुटीने भरून गेला होता. आपण बारा जणांनी कोयते चालवून एक काठ मोकळा केला. मला तर तो झकास वाटला.

दुपारी बाबांना कौतुकाने दाखवायला नेलं. ते याच मिठागरात मीठ ओढायचे. अजूनही रोज संध्याकाळी पाटावर जाऊन बसतात. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

कापलेल्या फांद्यांवर एक खंड्या बसायला जागा शोधत घिरट्या घालत होता. बाबा बघत राहिले.

"दरवर्षी ही रोपं मीच उपटायचो गो," ते म्हणाले. "नाहीतर पाणी अडायचं, मीठ पिकायचं नाही. पोटासाठी केलं. मिठागर बंद झालं तेव्हा म्हटलं, वाढा आता बाबांनो."

मग माझ्याकडे वळले. "तू कशासाठी कापलीस?"

घरातली पहिली पदवीधर मी. पण मी खाली वाकून कापलेल्या फांद्या गोळा करू लागले.

पुढच्या रविवारी दुसरा काठ कापायची सूचना मी आत्ताच पुसली आहे. रागावलात तरी चालेल. रविवारी मी बाबांबरोबर तिथे नुसती बसणार आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे आहे का?