कावळा शिवेपर्यंतचं गाणं

वारूळवाडीत बातमी उठली की आमच्या शेजारचा अमृत बुवा झाला. रोज सकाळी उपाशीपोटी, पांढरा लेंगा-सदरा घालून मीना नदीकडं जातो म्हणे. बातमी चार घरं पुढं मीच नेली, नाकारत नाही. चौथ्या दिवशी त्याची आई पुष्पा कुंपणाशी येऊन म्हणाली, "नाना, पोरगं बुवा नाय झालं. दहाव्याला गायला जातंय."

तर खरं ते असं. अमृतनं पुण्यात संगीताची पदवी घेतली. मग तीन वर्षं एका ऑर्केस्ट्राबरोबर जत्रा-उत्सव करत राज्यभर फिरला. गावोगाव डीजे आला, ऑर्केस्ट्रा मोडला. घरी क्लास काढला, तर दोन पोरं आली. त्यांना फक्त वाढदिवसाचं गाणं वाजवायचं होतं. शेवटी पुष्पानं बजावलं, "अक्षय्य तृतीयेपत्तोर गाण्यावर पोट भरून दाखव. न्हाईतर रखमाजीमामाकडं टोमॅटो मार्केटला जायाचं."

मग दहावे धरले. घाटावर पिंड ठेवला की कावळा शिवेपर्यंत अमृत गायचा. एकदोनदा कावळा झटक्यात शिवला आणि नाव झालं. पण माणसं काही याच्या सोयीनं मरत नाहीत. कधी आठवड्यात तीन बोलावणी, कधी महिना कोरडा. त्यात लग्न, बारसं, साखरपुडा, सगळी दारं बंद. "हळदीला कावळं बोलवायचं का, राव?" असं लोक त्याला तोंडावर विचारू लागले.

मला ते लागलं. कावळ्याचा विनोद मूळ माझाच होता.

तृतीयेला आठ दिवस उरले तेव्हा मी लांब पारगावात ओळखीतल्या सावळेरामच्या मुलीची हळद जुळवून दिली. तिथं याला कोण ओळखतंय?

अमृतनं नवा जांभळा कुर्ता घातला. पहिलंच गाणं असं उचललं की बाया हातातली हळद विसरल्या. तेवढ्यात नवरीची मावसआजी तानूबाई ताडकन उभी राहिली. "आरं, ह्यो तर आमच्या म्हाताऱ्याच्या दहाव्याचा!" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. तिचं बघून नवरीही रडली. सावळेरामनं हात जोडले. "भाऊ, राग मानू नका. पण माईक ठेवा."

मागोमाग डीजे सुरू झाला.

परतताना मोटारसायकलवर अमृत माझ्या मागं बसला होता. मंचर मागं पडलं. मग म्हणाला, "नाना, मामाला कळवलंय. सोमवारपासून जातो."

 वाईट वाटलं की मला चावटपणाच सुचतो. म्हणालो, "मग लेका, माझ्या दहाव्याला कोण गाणार?"

"तवा मी टोमॅटो भरत आसंन, नाना. ऐकायचं आसंल तर आत्ताच ऐका."