चार छिद्रांचं ऑपरेशन

आमच्या बुदी तळ्याकाठी पोटात खडे नसलेली बाई दाखवा, मी तिला माझी अंड्यावरची कोंबडी देईन. माझं पित्ताशय तर कधीच काढलं. पण माझ्या वन्संसारखी, एर्मेलिंदा पाइनेकेओसारखी, खडे जपणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

जपणारीच म्हणते. तेमुको शहरातल्या इस्पितळानं ऑपरेशनची तारीख दिली, ती त्यांनी सोडून दिली.

"नंतर हंडा उचलायचा नाही म्हणतात. गियातूनला यानेत येणार आहे. तिला मी नाही वाढायचं तर कुणी?"

यानेत ही त्यांची एकुलती लेक. तिकडे दूर राजधानीत, सान्तियागोत, दुसऱ्यांची मुलं सांभाळते. गियातूनला सगळ्या वस्त्या मिळून प्रार्थना करतात, एकमेकांना जेवू घालतात. गियातून काही दरसाल होत नाही.

यानेत आली नाही. मालकिणीनं सोडलं नाही म्हणे. शेजारच्या मांडवातून मात्र वन्संच्या ताटामागोमाग तिचंही ताट आलं, कारण लेक येणार म्हणून वन्संनीच गावभर सांगून ठेवलेलं. आलेलं ताट परत धाडणं आमच्यात अपमान. घरी बांधून न्यायला मात्र कुणाची ना नसते.

"वन्सं, बांधून घ्या. डॉक्टरांनी चरबी नको म्हटलंय."

"बांधलं की ती येणार नाही हे नक्की झालं," त्या म्हणाल्या. आणि रस्त्याकडे बघत बघत दोन्ही ताटं चरबीसकट संपवली. माझा असा संताप झाला!

मग पोटात कळ, उलट्या, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टरीण नीट समजावून सांगत होती.

"एक खडा घसरून पित्तनलिकेत अडकलाय, मावशी. आधी तोंडातून नळी घालून तो काढू. मग पोटाला चार छोटी छिद्रं पाडून पित्ताशय काढू. लवकर घरी जाल. नळीनं नाहीच जमलं तर पोट उघडावं लागेल."

"मग उघडाच की," वन्संनी म्हटलं. "त्याला जास्त दिवस राहावं लागतं ना?"

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. मला कळलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. दोन-तीन दिवसांसाठी रात्रभराचा प्रवास करून कोण येतं? फाडलेल्या पोटासाठी लेक आली असती.

मी यानेतला फोन लावला.

"मामी, पोट उघडणार आहेत का गं?"

खोटं अगदी ओठावर आलं होतं. "नाही. चार छिद्रं."

"देवा, सुटले! मग मी सुट्टी पुढे ढकलते."

खडा नळीनं निघाला, पित्ताशयही निघालं, काही बिघडलं नाही. घरी आल्यावर बायका भेटायला आल्या. रंग किती छान उजळलाय, आता वाटेल ते खा, नशीबवान आहेस, असं एकेक बोलून गेल्या. वन्सं सगळ्यांना हसून होकार देत होत्या.

सगळ्या गेल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"नेल्दा, मी तर बरी झाले गं. आता ती कशाला येईल?"